तंगडी आधी, छाती मागून

जव्हार, वैशाख वद्य ३, शके १८३४

देवजी,

तोंडाने तुझं नाव मी कधी घेतलं नाही, पण कागदावर घ्यायला मला कुणाची बंदी नाही. अक्षरं तूच शिकवलीस, चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून. तेव्हा आता वाचायचा कंटाळा करू नकोस. माझा मामेभाऊ कान्हा दरबारचं सामान आणायला मुंबईला निघालाय, त्याच्या हाती हे देते. तू भायखळ्याला पारशी शेटाच्या घरी स्वयंपाकाला राहिलायस हे फक्त त्याला, मला आणि तुझ्या बापाला ठाऊक. बाकी साऱ्या जव्हारासाठी तू हिवतापाने अंथरुणाला खिळलायस.

साहेब परत येतोय.

तोच जंगलखात्याचा साहेब. शिमग्याच्या आधी पाहुणबंगल्यात उतरला होता, दुपारी तुझ्या हातची भट्टीतली कोंबडी खाल्ली आणि दिवे लागायच्या आत ओकत, थडथड उडत पलंगावर आडवा झाला. त्याला डोलीत घालून ठाण्याच्या इस्पितळाकडे नेलं आणि तू मागच्या कुंपणावरून उडी टाकलीस. जाताना मला एवढंच म्हणालास, "तंगडी आतून कच्ची ऱ्हायली असंल त मना फासावर देतील." मी तुझा सदरा धरला होता. तो फाटून माझ्याच हातात राहिला. अजून शिवलेला नाही.

काल बाबल्या नाईक दारात आला. बंगल्याचा सगळा कारभार त्याच्या हाती, आणि कारभारापेक्षा भय जास्त. म्हणाला, "जमुने, ठाण्यावरनं कागद आलाय. साहेब ज्येष्ठात येतोय. त्याला तीच कोंबडी पायजे, तुकड्यांची, आन त्याच आचाऱ्याच्या हातची." मग इकडेतिकडे बघून हळूच बोलला, "ज्याच्या पोटात विष गेलं, त्यो परत तेच कशाला मागंल? धरायला येतोय त्यो. देवजीला उभा कर."

तू समोर आला नाहीस तर पळालास हे उघड होईल, आणि पळाला तो चोर असंच जग धरतं. तुला शोधायला मुंबईला कोण जाणार? हाताशी आहेत ते तुझे बाबा. त्यांना नेऊन चावडीत बसवतील. त्यांचे गुडघे तुला ठाऊक आहेत, चावडीची पायरी चढतानाच जातील बिचारे.

म्हणून मी नाईकाला सांगून टाकलं, देवजीला उठवत नाही, पण तो खाटेवरून सांगेल आणि मी हातांनी करीन. चव त्याचीच येईल. नाईक म्हणाला, "येऊ दे म्हंजे झालं. न्हायतर तुजंबी काय खरं नाय, माजंबी नाय."

बोलून बसले खरी. पण बंगल्यातल्या त्या लोखंडी भट्टीचं मला काय कळतं? चुलीवर कोंबडी शिजते ती मला दिसते, ढवळता येते, पाणी घालता येतं. भट्टीचं दार लावलं की आत काय चाललंय ते देव जाणे, आणि उघडून बघावं तर धग निघून जाते. तू असताना मी बघायचे, तंगडी शिजेपर्यंत छातीचा भुगा व्हायचा आणि तू कपाळावर हात मारायचास. पुढे तुला ते जमलं. कसं जमलं ते सांग.

आणि तू कधी येणार ते सांग.

जमुना


वैशाख वद्य १२

देवजी,

कान्हा आला. तू लिहून दिलं नाहीस, तोंडी सांगितलंस. त्याने वाटभर घोकत आणलं आणि बैल सोडायच्या आधी माझ्यापुढे म्हणून दाखवलं: "कोंबडी अख्खी घालू नको, तुकडं कर. तंगडी आन मांडी आधी आत. छाती मागून. छातीला हाडासकट ठेव, लोणी चोळ, वरनं झाक. पंख कडेला, ते लवकर जळतात. सांध्यात सुई घाल, पाणी नितळ आलं की झालं, लाल आलं की नाय. बाहेर काढल्यावर लगीच कापू नको, दम खाऊ दे. भट्टी तापली का बघायला आत चिमूटभर पीठ टाक, तांबूस झालं की घाल."

मी म्हटलं, "आणखी?"

"आणखी काय नाय."

"माझ्याबद्दल? यायचं काही?"

कान्हा बैलाच्या मानेवरची जुवाची खूण चोळत म्हणाला, "कामात व्हता गं. शेटकडं पावणं व्हतं."

असेल. पाहुणे असतील.

तू सांगितलंस तसं केलं. चिमूटभर पीठ टाकलं. आता आपल्या घरात पीठ कसलं असतं, तूच सांग. मी आपली नाचणीचं पीठ टाकून दार लावलं. उघडून बघते तो पीठ तांबूस. म्हटलं, वा, झटक्यात तापली. तुकडे आत ढकलले. सुई घातली तर लालभडक पाणी. पुन्हा पीठ टाकलं, पुन्हा तांबूस. मग धीर सुटला आणि खाली लाकडं कोंबली. शेवटी हौशी, बंगल्यावर भांडी घासायला येते ती, माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "बाई, नाचनी त भट्टीबाहेर पन तांबूसच असते ना?"

हसू नकोस. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. तोवर छाती जळून कोळसा, आणि मांडी हाडाशी कच्ची. म्हणजे एकाच कोंबडीत दोन्ही गुन्हे. कच्चं वाढलं तर विष, जळकं वाढलं तर अपमान. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

आता बाबांचं ऐक. नाईक कधीही डोकावेल म्हणून तुझ्या जागी आम्ही त्यांनाच निजवलंय. डोक्यावरून घोंगडी. वैशाखाच्या उकाड्यात. पावलं वाजली की ते कण्हतात. परवा इतके जीव तोडून कण्हले की नाईक उंबऱ्यावरच थबकला आणि त्याने विचारलं, "काखेत गाठबीठ आलीय का?" गाठ म्हटली की प्लेग, मग झोपडी जाळतील आणि आम्हाला माळावर काढतील. मी म्हटलं, "नाही हो नाईक, साधा हिवताप, भगताने अंगारा दिलाय." तो गेल्यावर बाबा घोंगडीतून म्हणाले, "पोरी, कमी कन्हू का?" मी म्हटलं, "बाबा, थोडं मरगळून कण्हा."

त्यांनी तुझ्याबद्दल काही विचारलं नाही. कान्ह्यालाही नाही. फक्त घोंगडी डोक्यावर ओढली.

गव्हाचं पीठ बंगल्याच्या कोठीतून मागून घेतलंय. त्या पिठाने कळतं. पण लिहायचं होतं ते हे नाही. तू घरी कधी येणार हे मी विचारलं होतं.

जमुना


ज्येष्ठ शुद्ध ६

देवजी,

कान्हा गाडीला वंगण घालतोय, म्हणून घाईत लिहिते. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. परवा साहेब येतो. तो मोखाड्याच्या जंगलात आलाय, तिथून घोड्यावर.

घरच्या कोंबड्या संपल्या. साखरशेतहून माझ्या आईने दोन पाठवल्या, त्याही गेल्या. मी, बाबा आणि हौशी रोज भट्टीतली कोंबडी खातो आणि बाबा म्हणतात, "राजाच्या घरीबी रोज नसंल." पण घास त्यांच्याही गळ्याखाली नीट उतरत नाही. एक दिवस छाती इतकी कोरडी झाली की ते चावत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "सून, हे मांस हाये का सुंभ?"

पण मला आता एक कळलंय, आणि ते तू सांगितलेल्यात नव्हतं. कोंबडी सुकते ती भयाने. माझ्या भयाने. सुई घातली, पाणी नितळ आलं, म्हणजे झालं. तरी मनात येतं, आत कुठे कच्चं राहिलं असलं तर? साहेब पुन्हा ओकला तर? मग मी म्हणते, थोडं आणखी. मग पुन्हा थोडं आणखी. आणि त्या थोड्या आणखीमध्येच सगळा रस जातो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. काल मी दात आवळून पाणी नितळ दिसताच तुकडे बाहेर काढले आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले, पुन्हा आत ढकलायला जाऊ नयेत म्हणून. मांड्या छान उतरल्या, मऊ, हाडापासून सुटत होत्या. पंखही. छाती मात्र अजून कडेला सुकते. लोणी चोळलं तरी ते वितळून खाली जातं.

मग सुचलं, आपण ओढ्यातले मासे पानात गुंडाळून निखाऱ्यात घालतो, ते कुठे सुकतात? छातीलाही पान. पळसाची पानं आणायला हौशीला धाडलं तर ती हात हलवत परत आली. राजवाड्यातल्या लग्नाच्या पत्रावळींसाठी साऱ्या रानातले पळस ओरबाडून नेलेत, काड्या उभ्या आहेत नुसत्या. म्हणून मग सागाचा कोवळा पाला आणायला सांगितलाय. आत्ताच फुटलाय, मऊ आहे, गुंडाळायला बरा. जरासा रंग उतरेल, उतरू दे.

मला झोप नाही. डोळा लागला की चावडी दिसते. नाईक रोज येऊन म्हणतो, "देवजीला साहेबापुढं धरून का होईना उभा करू." मी म्हणते, बघू. बाबांना धरून उभं केलं तर साहेबाला चाळिशीचा माणूस सत्तरीचा दिसेल, तापाने माणूस इतका खंगतो का?

भीती वाटते रे. कुणाला सांगू? बाबांना सांगितलं तर ते आणखी भितील, हौशीला सांगितलं तर बाजारात जाईल. म्हणून तुला. तू दूर आहेस, तुला सांगितल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

जमुना


ज्येष्ठ शुद्ध १०

देवजी,

झालं. जसं झालं तसं लिहिते.

साहेब अष्टमीला सकाळी आला. मी बंगल्याच्या स्वयंपाकघरात होते, हौशी लाकडं सारत होती. गव्हाचं पीठ टाकलं, तांबूस झालं. तंगड्या, मांड्या आत. थोड्या वेळाने सागाच्या पानात गुंडाळलेली छाती. मग पंख. सुई, पाणी नितळ. बाहेर. दम खाऊ दिला. पानं सोडली तर छातीतून रस निथळत होता. इतकी ओली मी तुझ्या हातचीही बघितली नव्हती, हे तुला वाईट वाटलं तरी लिहिते. हौशी म्हणाली, "देव पन खातील." नाईक स्वतः थाळा घेऊन गेला.

मी दाराआड उभी. बराच वेळ काट्याचमच्याचा आवाज. मग आवाज थांबला. मग खुर्ची सरकल्याचा.

नाईक आत आला तेव्हा त्याच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. "काय केलंस गं बये? आतनं रगत हाय! लालेलाल! साहेब म्हणतोय आचाऱ्याला बोलाव. आत्ताच्या आत्ता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सागाचा रंग. कोवळं पान चोळून आपण लहानपणी हात लाल करायचो, पोरींचा तो खेळच. त्या लालीला मी लाल मानलंच नाही. जी लाली आपल्या हातावर रोज बघितली, ती साहेबाच्या ताटात रक्त दिसेल हे आपल्यापैकी कुणाच्या मनात येणार? तुझ्याही आलं नसतं.

नाईक म्हणत होता, "देवजीला आण, उचलून आण." देवजी म्हणजे घोंगडीतले बाबा. मी डोळे मिटले. हौशीने आणलेल्यातलं सागाचं एक कोवळं पान मुठीत घेतलं. आणि जेवणघरात मीच गेले, कारण न गेले असते तर नाईक घराकडे गेला असता.

साहेबापुढे थाळा होता. तंगडी खाल्लेली, छाती एका बाजूला ढकललेली, कापलेली, लाल. मी छातीचा मोठा लाल तुकडा हाताने उचलला आणि त्याच्यासमोर उभी राहून खाल्ला. सगळा. नाईक मागून "अगं, अगं" करत राहिला. मग मुठीतलं पान तळहातावर चोळलं आणि हात पुढे केला. लाल.

साहेब माझ्या हाताकडे बघत राहिला. जंगलातला माणूस, त्याला साग कळतो. मग तो मोठ्याने हसला. त्याला मराठी येतं, अडखळत, पण येतं. म्हणाला, "साग! सागाला आम्ही रोज मोजतो, पण खाल्ला नव्हता." आणि बसून छाती खाऊ लागला.

तेवढ्यावर मी निघायला हवं होतं. पण तो म्हणाला, "देवजी कुठे आहे? मागच्या वेळी त्याची कोंबडी पुरी खाता आली नाही, म्हणून पुन्हा मागितली."

म्हणून मागितली. ऐकतोस ना? आवडली होती म्हणून.

मग मला खोटं बोलता आलं नाही. इतके दिवस खोट्याचं ओझं वाहिलं होतं, ते तिथेच खाली पडलं. मी म्हटलं, "साहेब, तो पळाला. तुम्ही त्याची कोंबडी खाऊन आजारी पडलात, फाशी देतील म्हणून भ्याला. कोंबडी मीच केली. घोंगडीत म्हातारा आहे. त्याला काही करू नका."

साहेबाने चमचा खाली ठेवला. "मी कोंबडी खाऊन आजारी पडलो? मला मोखाड्यातच ताप भरला होता. घोड्यावर बसलो तेव्हाच थंडी वाजत होती. तसाच जेवायला बसलो, ती माझी चूक. देवजीचा काय संबंध?" मग नाईकाकडे वळून विचारलं, "कुणी याला विष म्हटलं?" नाईक छताकडे बघू लागला. जसं काही कौलांवर लिहिलं होतं.

संपलं. इतकंच होतं सगळं. शिमग्यापासून आम्ही जीव मुठीत धरून बसलो, बाबा उकाड्यात शिजले, कोंबड्या संपल्या, आणि साहेबाला घोड्यावरच थंडी वाजली होती.

नाईकाने घरी येऊन बाबांची घोंगडी स्वतःच्या हाताने काढली आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, तुला त माझ्यापरीस बरं कन्हता येतंय." बाबा उठून बाहेर गेले आणि आंब्याखाली वाऱ्याला बसले. रडत होते. मी जवळ गेले नाही. देवजी परत येईपर्यंत भट्टी तूच बघ, असं नाईक मला म्हणाला.

हे तुला कळवायचं. तू कुणाचं काही केलेलं नाहीस. तुला कुणी शोधत नाही. येऊ शकतोस.

जमुना


ज्येष्ठ शुद्ध १४

देवजी,

वरचं पत्र लिहून चार दिवस झाले. कान्हा षष्ठीचा निघाला होता तो मुंबईहून आलाय आणि पुन्हा उद्या जाणार. त्याने मागचं पत्र तुला दिलं. परत तू त्याच्या तोंडी निरोप पाठवलास, "पान बांधलंस त सुतळीनं बांध, दोरा जळतो."

वरचं पत्र मी कान्ह्याला देणार नव्हते. उशीखाली ठेवलं होतं. बाबांनी दोनदा विचारलं, "कळवलंस का पोराला?" मी म्हटलं, कळवते. का देववत नाही ते मला कालपर्यंत कळत नव्हतं. आज भाकरी थापताना कळलं आणि हात थांबला.

इतके दिवस मला फाशीची भीती होती, चावडीची होती, साहेबाची होती. पण त्या सगळ्यांच्या खाली एक आधार होता. कुणी विचारलं नाही तरी मी स्वतःला सांगायचे, तो भितो म्हणून येत नाही. भय गेलं की येईल. माझं काही विचारत नाही, कारण भ्यालेल्या माणसाला दुसरं सुचत नाही. मी स्वतः भ्यालेली होते, मला ते पटायचं.

आता भय गेलं. हे पत्र तुझ्या हातात पडलं की तुझ्याकडेही काही कारण उरणार नाही. आणि तरीही तू आला नाहीस तर? तर तू साहेबाला भिऊन कुंपणावरून उडी टाकली नव्हतीस. साहेब तापाने थरथरत होता आणि तुला निघायला निमित्त मिळालं. ही ओळ लिहायची मला जेवढी भीती वाटली, तेवढी चावडीची वाटली नव्हती, साहेबाचीही नाही.

पत्र दडवून ठेवलं तर मी आयुष्यभर म्हणू शकेन की बिचाऱ्याला कळलंच नाही. पण बाबा आंब्याखाली बसून वाटेकडे बघतात. त्यांच्यासाठी पाठवते. कान्हा सकाळी निघेल.

चाळीस कोसांवर आहेस, दूर नाहीस. यायचं असेल तर ये. यायचं नसेल तर का ते स्वतःच्या हाताने लिही, कान्ह्याच्या तोंडी नको. मी वाचीन. पण कोंबडीबद्दल एक अक्षर लिहू नकोस. कोंबडी आता मला येते.

जमुना